त्या पिटुकल्यानं कसलं पाप केलं?

प्रश्न: काका, शेजारच्यांच्या नातवाचा बाप्तिस्मा होता, आम्हालाही बोलावलं होतं. इगर्जीत फादरनी डोक्यावर पाणी ओतलं आणि पोरानं असं भोकाड पसरलं म्हणता! त्याची आजी म्हणाली, मूळ पाप धुतलं गेलं. दीड महिन्याचं पोर हो, त्यानं कसलं पाप केलं? हे आपल्या प्रारब्धासारखंच का? – एक वाचक, फोंडा

उत्तर: काहीच केलं नाही त्यानं, आणि चर्चसुद्धा हेच म्हणतं. १९९२ च्या कॅथलिक कॅटेकिझममध्ये, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत ग्रंथात, सरळ लिहिलंय की इथे पाप म्हणजे केलेलं कृत्य नाही, वाट्याला आलेली अवस्था. प्रारब्ध आपलं स्वतःचं असतं, मागच्या जन्मीचं का होईना, मूळ पाप मात्र बायबलमधला पहिला माणूस आदाम, त्यानं देवाची आज्ञा मोडली, त्याच्याकडून आलेलं, म्हणून तुलना तिथेच अडखळते.

आपल्याकडचं बघा ना. आजोबांच्या पिढीत भावाभावांचं फाटलं, इन्व्हेंटरी, म्हणजे वाटणीचा दावा, कोर्टात पडून, कौलं गळतायत, दुरुस्ती कोण करणार यावर कुणाची सही नाही. नातू जन्मतो तो त्याच ओल्या घरात, भांडण त्यानं बघितलेलं नसतं पण दुपट्यांना कुबट वास येतोच. आता खरा वाद असा की त्याला नुसती ओल मिळाली की भांडणाचा दोषही मिळाला?

संत ऑगस्टीन (३५४–४३०) म्हणाले दोषही. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या ५:१२ मध्ये मूळ ग्रीक वाक्य बहुतेक अभ्यासक 'कारण सगळ्यांनी पाप केलं' असं लावतात, पण ऑगस्टीनच्या हातात लॅटिन भाषांतर होतं आणि त्यावरून त्यांनी 'ज्याच्यात सगळ्यांनी पाप केलं' असं घेतलं, म्हणजे आदामात आपण सगळे होतोच! त्याच काळातला धर्मशिक्षक पेलाजियस, त्याचं म्हणणं, आदामानं फक्त वाईट उदाहरण घालून दिलं, त्याला ४१८ मध्ये कार्थेजच्या सभेनं खोडून काढलं. पूर्वेकडचे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मात्र आजही म्हणतात की मरण वारशानं आलं, दोष नाही. मला हेच जास्त पटतं, पण ऑगस्टीननी लिहिलेलं एक विसरता येत नाही: अजून बोलताही न येणारं बाळ, दुसऱ्या बाळाला अंगावर पिताना बघून मत्सरानं पांढरं पडलेलं. धाकटं भावंड आलेल्या घरात कुणालाही विचारा.

आजीची घाई मात्र समजून घ्या. बाप्तिस्म्याआधी बाळ गेलं तर ते लिंबोत जातं, ना स्वर्ग ना यातना, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं. हा कधीच अधिकृत सिद्धांत नव्हता, आणि २००७ मध्ये व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगानंही अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला जागा आहे असं म्हटलं. पण किती आयांनी तोवर रडून काढलं असेल.

आणि हो, आदामाची ही कथा मराठीला नवी नाही, १६१६ मध्ये गोव्यातल्या राशोलला छापलेल्या फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणात ती ओव्यांमध्ये आहे.

प्रश्न: ८ डिसेंबरला पणजीच्या पायऱ्यांच्या इगर्जीचं फेस्त असतं, ते येशूच्या कुमारीपोटी जन्माचं ना? – एक वाचक, म्हापसा

उत्तर: नाही हो, सगळ्यांचा घोळ तिथेच होतो. ते सायबिणीचं, म्हणजे येशूची आई मरिया स्वतः आपल्या आईच्या पोटात आली तीच मूळ पापाच्या डागाशिवाय. पोप नववे पायस यांनी हे १८५४ मध्ये सिद्धांत म्हणून जाहीर केलं, तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या मोठ्या ईशज्ञानी पंडिताला मात्र ते पटलं नव्हतं. आता ८ डिसेंबरपासून नऊ महिने मोजा, ८ सप्टेंबर येतो, सायबिणीचा वाढदिवस.