एक्यू म्हणजे नक्की किती लिव्र?

प्रश्न असा आहे: फ्रान्सच्या जुन्या चांदीच्या नाण्यांच्या यादीत एका 'एक्यू'समोर 3 लिव्र लिहिलंय, दुसऱ्यासमोर 6. मग खरं काय? आणि खुद्द लिव्रचं नाणं कुठेच का दिसत नाही?

'एक्यू' हे किमतीचं नाव नाही, चित्राचं आहे. लॅटिन 'स्कूटुम' म्हणजे ढाल. तेराव्या शतकात नवव्या लुईच्या सोन्याच्या नाण्यावर राजचिन्हाची ढाल होती, तिथून हे नाव आलं. 1641 साली तेराव्या लुईने साधारण 27 ग्रॅमचं चांदीचं नाणं पाडलं. सरकारदरबारी ते 'लुई दार्जां' (चांदीचा लुई), पण लोकांच्या तोंडी एक्यूच राहिलं. 1690 च्या एक्यूच्या काट्यावर तर ढाल औषधालाही नाही. लुईच्या नावातले आठ 'एल' क्रुसासारखे मांडलेत.

लिव्र हे हिशेबाचं माप. 20 सूंचा लिव्र, 12 दनिएंचा सू. वहीत लिव्र, हातात एक्यू. (1720 साली पॅरिसला चांदीचा लिव्र खरंच पडला होता, पण तो अपवाद.) एक्यूवर किंमत छापलेली नसे. राजाने फर्मान काढलं की तेच नाणं दुसऱ्या दिवसापासून नव्या भावाने चाले. 1641 ला 3 लिव्र होता, पुढे खजिन्याला ओढ लागेल तसा भाव हलत राहिला. 1690 नंतर जुनी नाणी परत मागवून त्यांच्यावरच नवा ठसा मारत. भिंगाखाली राजाच्या चेहऱ्याभोवती जुन्या अक्षरांची टोकं दिसतात. काही संग्राहक मुद्दाम तसलीच नाणी शोधतात आणि मला ते पटतं. 1726 मध्ये नव्या, जरा जड एक्यूचा भाव 6 लिव्र ठरला, तो क्रांतीपर्यंत टिकला.

तेव्हा मराठीत 'एक्यू' आणि 'लिव्र'च लिहावं. लिव्रला 'पौंड' म्हटलं की वाचक थेट लंडनला पोचतो. 'कार देक्यू'ला (म्हणजे पाव एक्यूला) मात्र आपली 'पावली' खुशाल म्हणा. फक्त ती चांदीच्या एक्यूची पाव नव्हे. ती तिसऱ्या हेन्रीच्या काळातली, म्हणजे चांदीच्या एक्यूच्याही साठेक वर्षं आधीची. सोन्याचा एक्यू तेव्हा 60 सूंना होता, म्हणून ही 15 सूंची. तिच्या ढालीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन उभ्या रेघा आहेत, मिळून चार: चौथा हिस्सा.