खुशालीच्या पुढची ओळ

"मॅडम, ह्यांना सांगू का नको?"

साताऱ्यात समुपदेशन करताना हा प्रश्न मी किती वेळा ऐकला असेन त्याची गणती नाही. प्रश्नामागचं कारण दर वेळी वेगळं असतं. सासऱ्यांच्या छातीत दुखलं, मुलीला गणितात कमी मार्क पडले, बोअरला पाणी लागलं नाही, दिराने पैसे मागितले. विचारणारीची परिस्थिती मात्र साधारण एकच. नवरा फौजेत आणि सध्या फिल्डवर, सासू-सासरे गावी, आणि ती मुलांच्या शाळेसाठी साताऱ्यात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहिलेली. आमच्या जिल्ह्यात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. आपशिंगे गावाला 'मिलिटरी' हे आडनाव लागलं ते पहिल्या महायुद्धात तिथून गेलेल्या माणसांमुळे. म्हणजे नवरा लांब आणि घर अंगावर, हे इथल्या बायकांना चार पिढ्यांपासून ठाऊक आहे.

मे 2025 मध्ये, 7 तारखेपासून 10 तारखेपर्यंतच्या भारत-पाकिस्तान संघर्षाच्या त्या चार दिवसांत, टीव्हीसमोरून न उठलेल्या कितीतरी जणी पुढच्या महिन्याभरात माझ्याकडे आल्या. पुन्हा तोच प्रश्न, आता जास्त धास्तीने: "आता तर त्यांना काहीच सांगायला नको ना?"

त्यांच्यातलीच एक वैशाली. नाव मी बदललं आहे आणि ओळख पटेल असे तपशीलही. वय एकतिसाच्या आसपास, सात वर्षांचा एक मुलगा, नवरा इन्फन्ट्रीत हवालदार. तो काश्मीरमध्ये होता. नेमका कुठे ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. फौजी घरातली बाई ही गोष्ट आईजवळसुद्धा बोलत नाही.

ती आली होती झोप लागत नाही म्हणून. रात्री दोनला जाग यायची, मोबाइल बघायचा, परत पडायचं. काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालत नाही, त्यामुळे तो कधी तिथल्या नंबरवरून, कधी मित्राच्या फोनवरून बोलायचा. अनोळखी नंबर दिसला की आधी पोटात गोळा यायचा, मग आवाज ऐकून जीव भांड्यात पडायचा. दिवसातून चार वेळा एवढं झालं तर रात्री झोप कुठून येणार?

पहिल्या भेटीत मी एवढंच सांगितलं की बातम्या संध्याकाळी एकदाच, अर्धा तास, आणि मुलगा समोर नसताना बघ. टीव्हीवरच्या आरडाओरड्यातून तुझ्या नवऱ्याविषयी तुला काहीही कळणार नाही. कळायचं असेल ते युनिटकडून कळेल. युनिटचा नंबर आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा नंबर कागदावर लिहून फ्रीजला चिकटव. तिने चिकटवला. झोप थोडी सुधारली, पण मला समाधान नव्हतं. तिच्या बोलण्यात कुठेतरी दार लावून घेतलेलं जाणवत होतं.

"फोनवर काय बोलता तुम्ही?"

"काय न्हाई. जेवला का, आम्ही जेवलो. थंडी हाय का. सगळं ठीक हाय."

"आणि खरोखर ठीक आहे?"

ती हसली. मग एकेक बाहेर आलं. गावच्या रानात चुलत दिराने बांध कोरला होता. नांगरताना हात-दोन हात आत शिरला आणि विचारायला गेलेल्या सासूला वाटेल ते बोलला. सासूबाईंची शुगर वाढलेली. घरमालकाने भाडं वाढवलेलं. यातलं काहीही नवऱ्याला माहीत नव्हतं. "त्यांच्या हातात बंदूक असते मॅडम. डोक्यात बांध कशाला घालू?"

या एका वाक्यात केवढं प्रेम आहे हे मला कळत होतं. म्हणून मी घाईने काही बोलले नाही. अशा वेळी 'मन मोकळं करा' असा सल्ला देणं फार सोपं असतं, आणि तो तिच्या त्यागाला खोटं ठरवतो.

तिसऱ्या की चौथ्या भेटीला ती मुलाला घेऊनच आली, घरी ठेवायला कुणी नव्हतं. मुलाचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. गावी मळ्यातल्या आंब्यावरून पडला होता, तीन आठवडे झाले होते. आमचं बोलणं चालू असतानाच फोन वाजला. नवऱ्याचा व्हिडिओ कॉल. तिने माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं घे ना. तिने फोन हातात घेतला आणि दुसऱ्या हाताने मुलाला खुर्चीत जरा फिरवलं. इतकं सहज की मला आधी कळलंच नाही. मुलाने स्वतःच प्लास्टरचा हात टेबलाखाली घेतला, चेहरा हसरा केला आणि म्हणाला, "पप्पा, सगळं ठीक आहे. तुम्ही जेवलात का?"

शब्द आईचे, चालसुद्धा आईची.

फोन ठेवल्यावर मी मुलाला विचारलं, "हाताचं सांगितलं नाहीस पप्पांना?"

"नाही. पप्पांना खरं नसतं सांगायचं. ते लांब असतात ना."

वैशालीचा चेहरा उतरला. ती मुलाला रागवायला गेली आणि मध्येच थांबली. मी मुलाला बाहेर रंगपेटी दिली आणि आम्ही दोघीच बसलो. बराच वेळ कुणी बोललं नाही. या कामात मी एक गोष्ट शिकले आहे, अशा शांततेत आपण तोंड उघडायचं नसतं. शेवटी तिनेच विचारलं, "मी पोराला खोटं बोलायला शिकवलं का?"

मी उत्तर दिलं नाही, उलट विचारलं, "ते तिकडून काय सांगतात तुला?"

"तेबी तेच. सगळं ठीक."

"तुला खरं वाटतं?"

"न्हाई." लगेच आलं. "आवाजावरनं कळतं. लई थकल्यालं असलं की जरा जास्तच हसतात."

"मग तुझा आवाज त्यांना कळत नसेल?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पदर तोंडाला लावून रडली. मी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि खिडकीबाहेर अजिंक्यताऱ्याकडे बघत बसले. तिला मोकळं रडता यावं म्हणून, आणि खरं सांगायचं तर माझेही डोळे भरून आले होते म्हणून. एवढ्या वर्षांच्या कामात असे क्षण मोजकेच येतात. ते आपण घडवत नाही. पण त्यांच्यासाठी जागा मोकळी ठेवता येते, आणि ती ठेवता आली याचं मला समाधान आहे.

नवरा-बायको दोघंही एकमेकांना सांभाळत होते आणि दोघांनाही समोरचा लपवतोय हे ठाऊक होतं. ठीक नाही हे कळतं, पण काय ठीक नाही ते कळत नाही. अशा वेळी माणूस उरलेलं चित्र स्वतःच्या मनाने रंगवतो, आणि भीतीचा रंग नेहमीच गडद असतो. मोडलेला हात कळला असता तर बापाला एक दिवस वाईट वाटलं असतं. न कळलेल्या गोष्टीची काळजी तो रोज पहाऱ्यावर घेऊन जात होता.

मी माणसाकडे सुटं सुटं बघत नाही, अख्ख्या घराकडे बघते. अमेरिकेतल्या कुटुंब-अभ्यासक पॉलिन बॉस यांनी 1970च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. माणूस शरीराने घरात नसला तरी घराच्या मनात असतो, आणि तो घरात आहे की नाही याचाच पत्ता लागत नाही तेव्हा घर कुंठतं, हे त्यांनी ओळखलं. आमच्या हवालदारांचं तसं नाही. ते रोज फोनवर भेटतात. तरीही 'सगळं ठीक' म्हणून म्हणून आपण त्यांना हळूहळू घराबाहेर ठेवतो. सैन्यात वर्षाला 60 दिवसांची वार्षिक रजा असते, जवानांना वर 30 दिवसांची नैमित्तिक. तो सुट्टीवर येतो तेव्हा घर त्याच्यावाचून चालायला शिकलेलं असतं, आणि कपाटात त्याची बॅग ठेवायलासुद्धा विचारावं लागतं. पहिल्या आठवड्यातल्या भांडणांची मुळं मला बहुतेक वेळा इथेच सापडली आहेत.

पुढच्या भेटीला मी वैशालीच्या सासूबाईंना बोलावलं. त्यांचे यजमानही फौजेतच होते. त्यांच्या वेळी फोन कुठला, पत्र. पत्त्यावर गावाचं नाव नाही, नंबर, रँक, नाव, युनिट आणि खाली 56 एपीओ, म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय. आत्तींना लिहिता येत नव्हतं, शाळेतले गुरुजी लिहून द्यायचे.

"काय लिहायचात?"

"इकडील सर्व खुशाल, तुमची खुशाली कळवावी. आन् मग सगळं. म्हस आटली, थोरल्याला गोवर आलावता, आता बरा हाय, भाऊबंदांनी पाट अडवला, पंचांनी सोडवला."

मी ऐकतच राहिले. पत्राची सुरुवात खुशालीने व्हायची, पण पत्र खुशालीवर संपत नव्हतं. शिवाय पत्र पोचायला आठ-दहा दिवस लागायचे, कधी जास्तच. तोवर गोवर उतरलेला असायचा, पाट सुटलेला असायचा. बातमी आणि तिचा शेवट एकाच पाकिटातून जायचा. आज दुखणं सुरू झाल्याच्या मिनिटाला फोन हातात असतो, म्हणून एक तर कच्ची भीती तिकडे जाते नाहीतर काहीच जात नाही. आत्तींच्या पिढीला जे टपालखात्याने आपसूक दिलं, ते आपल्याला जाणूनबुजून करावं लागतं.

तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगते. होऊन गेलेलं, निस्तरलेलं असेल ते नक्की सांगा, पण शेवट आधी सांगा. 'हात बरा आहे, प्लास्टर निघतंय, आता कसा मोडला ते ऐका.' चालू असलेल्या अडचणीबद्दल बोलायचं असेल तर आधी विचारा, ड्युटीवर निघालात का, की वेळ आहे. निघाला असेल तर उद्या. सांगताना त्याच्याकडून काय हवं तेही सांगा. नुसतं ऐकून घ्यायला हवं असेल तर तसं म्हणा, नाहीतर बाराशे मैलांवर बसलेला माणूस काहीच करता येत नाही म्हणून चिडतो आणि तुम्हाला वाटतं तुमच्यावर चिडला. आणि नुसती भीती, जिला नाव नाही, ती रात्री त्याच्या कानात ओतू नका. ती बहिणीला सांगा, शेजारच्या फौजीच्या बायकोला सांगा, माझ्याकडे या.

मुलांना 'पप्पांना सांगू नको' हे वाक्य कधीच ऐकवू नका. याबाबतीत मी कुणालाही सवलत देत नाही.

आणि घरातलं एक तरी काम त्याचं म्हणून राखून ठेवा, मदत होईल म्हणून नव्हे, त्याची जागा राहील म्हणून. मुलाच्या वहीचा फोटो रविवारी त्यानेच तपासावा. शेतीचा निर्णय त्याच्यासाठी दोन दिवस थांबवता येत असेल तर थांबवा.

वैशालीच्या बाबतीत ते काम बांधाचंच निघालं. तिने घाबरत घाबरत सांगितलं. तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "आधी का नाही बोललीस? हे तर मला इथनं करता येतं." जवानाच्या घरची अशी तक्रार युनिटच्या कमांडिंग ऑफिसरच्या पत्राने थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ शकते. विशेष परिस्थितीत सेवेवर असलेल्या सैनिकाच्या गैरहजेरीत त्याच्याविरुद्ध दावा रेटला जाऊ नये म्हणून 1925 पासून कायदाही आहे. तिने चार महिने ज्या गोष्टीपासून त्याला वाचवलं, नेमकी तीच गोष्ट सोडवण्याची वाट त्याच्याकडे होती. पत्र गेलं, तलाठी येऊन गेला, भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज झाला.

प्लास्टर निघायच्या आदल्या दिवशी मुलाने हात कॅमेऱ्यासमोर धरला. बापाने विचारलं, "कुठल्या फांदीवरनं पडलास? विहिरीकडच्या ना? तिथनंच मीबी पडलोवतो." नंतर आठवडाभर मुलगा शाळेत हेच सांगत होता.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी वैशालीचा मला फोन आला. आदल्या रात्री नवरा पहिल्यांदाच स्वतःविषयी काही बोलला होता, चांगली वीस मिनिटं. काय ते तिने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. "मी फकस्त ऐकून घेतलं मॅडम," एवढंच म्हणाली.

दिवाळी सरल्यावर त्याची सुट्टी मंजूर झाली. मोजणीची तारीख तिने सुट्टीच्या दुसऱ्या आठवड्यात मागून घेतली. पहिला आठवडा त्याच्या झोपेसाठी मोकळा ठेवला, आणि कपाटातला मधला कप्पा आधीच रिकामा केला.