निमगोरा: अर्धा कशाचा?

इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या एका ताईंचा प्रश्न आलाय. भाचीसाठी वधू-वर परिचय संमेलनाचा फॉर्म भरताना ‘वर्ण’ या रकान्यात घरच्यांनी ‘निमगोरा’ लिहिलं. त्यांची सून हिंदी भाषक. तिने वाचून विचारलं, “इसमें नीम कहाँ से आ गया?” ताईंना हसू आलं, पण उत्तर काही देता येईना. त्यांची स्वतःचीही एक शंका आहे: निमगोरा, गव्हाळ आणि सावळा यांच्या हद्दी नेमक्या कुठे?

सुनेचं आधी. हा नीम झाडाचा नव्हे. फारसीत ‘नीम’ म्हणजे अर्धा. ‘नीम हकीम ख़तरा-ए-जान’ ही म्हण तिला नक्की ठाऊक असणार, त्यातला नीम तोच. दरबारी फारसीबरोबर तो मराठीत आला आणि असा रुळला की निमसरकारी, निमशहरी, निमलष्करी हे अलीकडचे शब्दही आपण त्याच्याच जोरावर घडवले. वेदातल्या संस्कृतातही ‘नेम’ म्हणजे अर्धा, आणि तो या फारसी नीमच्याच कुळातला. तेव्हा शब्द परका म्हणून नाक मुरडायचं कारण नाही.

नाक मुरडायचंच तर वेगळ्या गोष्टीवरून मुरडावं. निम जोडताना आपण दोन अर्ध्यांपैकी कोणता नावात ठेवतो ते पाहा. अर्धं शहर आणि अर्धं खेडं असलेल्या वस्तीला आपण निमशहरी म्हणतो, निमखेडं कुणी म्हणत नाही. ज्या अर्ध्याला मान, त्याचं नाव लावायचं. निमगोरा त्याच चालीचा. ‘निमकाळा’ म्हणून बघा, ‘निमसावळा’ म्हणून बघा, जीभ अडते. मोजायला सुरुवात गोऱ्यापासूनच करायची आणि जितका कमी पडेल तितका वजा करायचा, असा हा शब्द आहे. म्हणून तो बोलण्यात फारसा येत नाही. ‘आमचा बंड्या निमगोरा आहे’ असं शेजारणीला कोण सांगतं? तो कागदावरचा शब्द, आणि कागदही एकाच कामाचा.

आता हद्दी. खरं सांगायचं तर त्या रंगाच्या नाहीतच, प्रसंगाच्या आहेत. वर्तमानपत्रात कुणी हरवल्याची जाहिरात येते: वर्ण सावळा, बांधा सडपातळ, अंगात पांढरा शर्ट. तोच मुलगा लग्नाला उभा राहिला की कागदावर निमगोरा होतो. माणूस सापडायला हवा असतो तेव्हा घरचे खरा रंग लिहितात. गव्हाळ या दोहोंच्या मधला, दोन्हीकडे चालणारा, कुणाला न दुखवणारा. हिंदीत गेहुआँ, बडोद्याकडे गुजरातीत घऊंवर्णो, सगळीकडे त्याची तीच मध्यस्थी. गहू कोणता, हे विचारायचं नाही. माळव्यात तर मुळीच नाही, इथे पोळ्यांचा शरबती आणि बाफल्यांचा (बाटीसारख्या गोळ्यांचा) गहू यांवरून घरात दोन तट पडतात.

सावळा हा मात्र या तिघांत खानदानी शब्द. श्यामल, त्यातल्या ‘म’चा ‘व’ झाला, जसा ग्रामचा गाव आणि नामचं नाव. हिंदीचा साँवला त्याच वाटेने आलेला. विठ्ठलाला लावताना आपल्याला तो गोड वाटतो, मुलीला लावताना मागे ‘पण’ जोडावा लागतो: ‘रंगाने सावळी, पण नाकीडोळी नीटस’. हा ‘पण’ मला निमगोऱ्याहून जास्त खटकतो. आपल्या शेजारच्या उज्जयिनीवरून ज्या कालिदासाने मेघाला वाट वाकडी करून जायला सांगितलं, त्याने त्याच ‘मेघदूता’त यक्षाच्या बायकोला सरळ ‘तन्वी श्यामा’ म्हटलं आहे. तिथे मल्लिनाथ या जुन्या टीकाकाराने श्यामा म्हणजे ‘युवती’ असा अर्थ दिला. कोशात तो अर्थ आहेच, त्याला आधार आहे. तरी त्याला तिथे रंग नको होता का, असं माझ्या मनात येऊन जातं.

आणि ज्याच्यापासून वजाबाकी करायची तो ‘गोरा’ तरी कुठे पक्का आहे? संस्कृत गौर म्हणजे अमरकोशात तांबूस, पांढरा आणि पिवळा असे तिन्ही. त्याच कोशात हळदीचं एक नाव ‘वरवर्णिनी’, उत्तम वर्णाची. म्हणजे जुना गोरेपणा हळदीच्या बाजूचाही होता. दुधासारखा पांढरा हाच गोरा, ही समजूत घट्ट व्हायला पुढे साहेबाच्या राज्याचा हातभार लागला असावा, असं माझं मत. ‘गोरा’ म्हणजे युरोपीय हा अर्थ तर त्याच काळात रुजला. चेहरा ‘गोरामोरा’ होतो तेव्हा मात्र तो लाजेने किंवा भीतीने, तिथे कौतुक नाही.

इंदूरकरांना या साहेबी गोऱ्याचं घरचं उदाहरण आहे. 1928 साली तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी बडवाहला लग्न केलं. त्याआधी तिला हिंदू करून घेतलं, शर्मिष्ठादेवी नाव दिलं, धनगर समाजात रीतसर घेतलं. शब्दशः गोरी ती, पण तिला आपली करायला तो रंग उपयोगाचा नव्हता. लागली ती जात. आपल्या मुलींच्या बाबतीत क्रम उलटा: जात आधीच जुळलेली असते, मग रंग मोजायला बसतात.

इथल्या हिंदी शेजाऱ्यांचं एक वाक्य तुम्हीही ऐकलं असेल, “आप मराठी लगते नहीं.” त्यांच्या डोळ्यापुढचा मराठी माणूस घारा, गोरा, कोकणस्थ वळणाचा. आपण ते हसून घेतो, कधी सुखावतोही. इंदूरचं मराठीपण उभं राहिलं ते धनगर होळकरांच्या मागे. फौजेबरोबर, दफ्तराबरोबर, पुढे गिरण्यांमुळे नाना जातींचे, नाना रंगांचे लोक आले. घारेगोरे हा त्यातला एक कोपरा. इथल्या मराठीत आता ‘रंग साफ आहे’ हा हिंदी प्रयोगही सर्रास ऐकू येतो. तो निमगोऱ्यापेक्षा वाईट, कारण साफ म्हटलं की उरलेले आपोआप मळके ठरतात.

फॉर्मचं काय करायचं? ताई, रकाना एकदा नीट बघा. त्याच्या शेजारी गण, नाडी, चरण असं काही असेल, तर तो वर्ण रंगाचा नाहीच, पत्रिकेतला आहे. छत्तीस गुणांपैकी वर्णाचा एक, आणि तो राशीवरून ठरतो: कर्क, वृश्चिक, मीन ब्राह्मण, मेष, सिंह, धनू क्षत्रिय, वृषभ, कन्या, मकर वैश्य, मिथुन, तूळ, कुंभ शूद्र. भाचीची रास तूळ असेल तर तिथे ‘शूद्र’ लिहायचं, घर कोणत्याही जातीचं असो. ते लिहिताना मामा-काकांचे चेहरे कसे होतात ते मला जरूर कळवा. आणि रकाना उंची-वजनाच्या रांगेत असेल तर तो रंगाचाच. तिथे मी असतो तर ‘सावळा’ लिहिलं असतं किंवा रेघ मारली असती. शादी डॉट कॉमनेही 2020 मध्ये रंगाची चाळणी काढून टाकली, तिथे अडलेलं काही दिसत नाही.

निमगोरा लिहायचाच असेल तर ‘नि’ ऱ्हस्व आणि शब्द जोडून. ‘नीम गोरी’ असं तोडून लिहिलंत तर सून पुन्हा विचारणार.