आधी विचार, कुठला देव

चि. हिस अनेक आशीर्वाद. (हा शब्द तुला सध्या चालतो की नाही कोण जाणे. चालवून घे, जुनी सवय आहे.)

तुझं पाकीट सोमवारी मिळालं. चार पानं, दोन्ही बाजूंनी भरलेली, वर लाल शाईत मथळा: ‘देव नाही याची सिद्धता’. गणपतीत बाबांनी सगळ्यांसमोर सुनावलं म्हणे, “देव नाही हे सिद्ध करून दाखव, मग आरतीला उभी राहू नकोस.” आणि तूही लगेच सिद्ध करायला बसलीस! शेवटी ‘हेच सिद्ध करायचे होते’ असं लिहून खाली रेघसुद्धा मारली आहेस. अगं, शर्त बाबांनी घातली म्हणून ती जशीच्या तशी घ्यायची असते का?

पानं दोनदा वाचली. पहिल्या दोन पानांत देव असल्याचा पुरावा कसा तोकडा पडतो ते तू छान दाखवलं आहेस. तिसऱ्यावर एकदम ‘म्हणून देव नाही’ आलं. मधली एक पायरी गाळलीस.

सांख्यसूत्रांत, म्हणजे सांख्य दर्शनाच्या सूत्रग्रंथात, एक इवलंसं सूत्र आहे, ‘ईश्वरासिद्धेः’. ईश्वर सिद्ध होत नाही म्हणून. सोळाव्या शतकातल्या विज्ञानभिक्षूने त्यावर लिहिताना नेमकं बोट ठेवलं. ईश्वर नाहीच असं म्हणायचं असतं तर सूत्रात ‘ईश्वराभावात्’ आलं असतं, असं तो म्हणतो. असिद्धी वेगळी, अभाव वेगळा. विज्ञानभिक्षू स्वतः ईश्वर मानणारा, तेव्हा ही फट सापडणं त्याच्या सोयीचंच होतं. पण फट खरी आहे, आणि तुझी सिद्धता तिच्यातच पडली.

गाळलेली पायरी नैयायिकांकडे, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांकडे, तयार मिळते. नाव जरा जड आहे: योग्यानुपलब्धी. डबा उघडला, लाडू दिसला नाही, म्हणजे लाडू संपले. इथे न दिसणं हाच पुरावा, कारण असता तर दिसलाच असता. पण त्याच डब्यात डोकावून ‘यात जंतू नाहीत’ म्हणालीस, तर आई डबा पुन्हा घासायला लावेल. न दिसण्यावरून नसणं ठरतं ते फक्त दिसण्याजोग्या गोष्टीचं. मिथिलेच्या उदयनाचार्यांनी दहाव्या-अकराव्या शतकात ईश्वराची बाजू लढवताना हेच हत्यार काढलं. ईश्वर दिसण्याजोगा नाहीच, मग तो दिसत नाही ही तक्रार कसली?

उत्तर हुशार आहे, पण महाग पडतं. कसं ते सांगतो.

21 सप्टेंबर 1995, गुरुवार. तुझा जन्मही झाला नव्हता. सकाळीच बातमी पसरली की गणपती दूध पितोय. माझा अर्धा वर्ग गायब, आणि खोटं कशाला बोलू, मीही घरचा स्टीलचा चमचा घेऊन गल्लीतल्या देवळापुढे रांगेत उभा. नंबर आला. चमचा सोंडेला टेकवला, जरासा कलला, आणि दूध खरोखरच ओसरायला लागलं. अंगावर काटा आला. मग नजर खाली गेली. मूर्तीच्या पोटावरून एक पातळ ओला पट्टा चकाकत उतरत होता, पायाशी दुधाचं थारोळं आणि त्यात चिकटलेल्या दूर्वा. घरी आलो आणि तोच चमचा वरवंट्याला लावला. वरवंटाही प्यायला. केंद्राच्या विज्ञान खात्याच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग कालवून हेच लोकांना दाखवलं: पृष्ठताणामुळे दूध चमच्याच्या काठावरून ओढलं जातं आणि मूर्तीवरून पातळ थराने खाली उतरतं.

आत्या स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. मी मोठ्या ऐटीत तिच्यापुढे वरवंट्याला दूध पाजलं. तिने मान वर न करता विचारलं, “नसेल पीत दूध. म्हणून काय गणपती नाही?”

तेव्हा वाटलं, हरली आणि कबूल करत नाही. आता वाटतं, तर्काच्या बाजूने ती चुकली नव्हती. चमच्याने दूध पिणारा गणपती दिसण्याजोगा होता, तपासता आला, खोटा ठरला. आत्याचा गणपती त्या परीक्षेला बसलाच नव्हता.

पण मग निकालही मागता येत नाही! आत्याने त्याच वर्षी माझी नोकरी कायम व्हावी म्हणून एकवीस चतुर्थ्यांचा नवस बोलला होता. नवसाला पावतो म्हटलं की देव पुन्हा दिसण्याजोगा झाला. मग न पावलेले नवसही मोजायला लागतात, आणि ते कोण मोजतं? तो सर्वशक्तिमान आणि दयाळू आहे असं म्हटलं तरी तेच. वेदान्ताच्या ब्रह्मसूत्रांनी पक्षपात आणि निर्दयपणा हे दोन्ही आरोप स्वतःच मांडले आहेत आणि उत्तर प्राण्यांच्या कर्मांवर सोपवलं आहे. मला ते कधी पटलं नाही. तान्ह्या पोराच्या दुखण्यापुढे तर नाहीच.

बाबा आता म्हणतील, घर काय आपोआप उभं राहतं? उदयनाचार्यांचा पहिला युक्तिवादही हाच: जग हे कार्य आहे, म्हणजे घडलेली वस्तू आहे, आणि कार्याला कर्ता लागतो, घड्याला लागतो तसा. याला उत्तर त्यांच्या तीनेकशे वर्षं आधी, सातव्या शतकात, बौद्ध आचार्य धर्मकीर्तीने देऊन ठेवलं होतं. मातीचा घडा कुंभाराने केला, म्हणून मातीचं जे दिसेल ते कुंभाराचंच ठरवलं, तर वारूळही त्याच्याच नावावर लावावं लागेल. आमच्या आजोळी गोठ्यामागे माझ्या डोक्याच्या वर जाणारं वारूळ होतं. आत बोळ, खोल्या, हवा खेळायला वाटा. एकाही वाळवीपाशी नकाशा नाही. आधीच्या गोळ्याशेजारी आपला मातीचा गोळा ठेवायचा, एवढाच कारभार. घडा पाहून कुंभार आठवतो, कारण घडा होताना आपण पाहिलेला असतो. विश्वं होताना कोणी पाहिली आहेत? वारूळ पाहून कुंभार नाही एवढं नक्की कळतं. ते ज्या मातीत उभं आहे तिचं काय, हा प्रश्न मात्र तिथेच राहतो, हेही बाबांना सांगून टाक. लपवू नकोस.

आणि ‘नास्तिक’ म्हटल्याचं इतकं मनाला लावून घेऊ नकोस. जुन्या दर्शनांच्या हिशेबात आस्तिक म्हणजे वेद मानणारा. वेदाच्या अन् यज्ञाच्या बाजूने हिरिरीने भांडणारा कुमारिल भट्ट जगाचा कर्ता ईश्वर मानत नव्हता, तरी तो पक्का आस्तिक!

राहिली आरती. मी उभा राहतो, टाळही बरा वाजवतो, आणि माझं मत घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तुला राहायचं नसेल तर नको राहूस. त्यासाठी प्रमेय लागत नाही, जसे बाबांनाही आरती करायला उदयनाचार्य लागत नाहीत. बोलायचंच असेल तर आधी विचार, कुठला देव? नवसाला पावणारा, जग घडवणारा, की आत्याचा? प्रत्येकाचा खटला वेगळा आहे. बाबांनाही हे तीन कधी वेगळे करून पाहावेसे वाटले नसतील, तेव्हा घाई करू नकोस. जेवणं झाल्यावर विषय काढ.

एक गोष्ट मात्र त्यांना सांगू नकोस. उदयनाचार्यांनी ईश्वरावरच्या आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच म्हटलं आहे की ही सगळी तर्कचर्चा म्हणजे ईश्वराचं मननच, उपासनाच. बाबांना कळलं तर म्हणतील, पोरगी चार पानं उपासना करून आली.

पानं सोबत परत पाठवतो आहे. तिसऱ्या पानावरच्या ‘म्हणून देव नाही’ खाली पेन्सिलीने रेघ ओढली आहे आणि ‘देव’ या शब्दाआधी थोडी जागा सोडायची खूण केली आहे. तिथे काय येतं ते लिहून पाठव. दिवाळीच्या सुट्टीत आलीस तर वरवंटा अजून आहे.

बाबांना नमस्कार.