खालच्या गटात उतरताना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तालमीत जायचंय, पण ज्यांना तू डाव शिकवलेस त्या पोरांकडून आता चीतपट व्हायची लाज वाटते म्हणतोस. जपानच्या सुमो कुस्तीतल्या तेरुनोफुजी या मल्लाचं सांगतो, मग ठरव.

हा मूळचा मंगोलियाचा. मे २०१५ मध्ये स्पर्धा जिंकून ओझेकी झाला, म्हणजे योकोझुना या सर्वोच्च पदाच्या एकच पायरी खाली. मग दोन्ही गुडघे गेले, त्यात मधुमेह आणि यकृताचं दुखणं. सुमोत दुखापतीला सवलत नाही. वर्षाला सहा स्पर्धा. स्पर्धेत उतरला नाहीस तर पुढच्या क्रमवारीच्या यादीत नाव खाली सरकतं. असं सरकत मार्च २०१९ मध्ये तो जोनिदान गटात खेळला, सहा गटांतला खालून दुसरा. ओझेकी राहिलेला कुणी तिथवर कधीच घसरला नव्हता.

तिथे काय असतं ते ऐक. पगार फक्त वरच्या दोन गटांना. रेशमी मावाशी, म्हणजे कुस्तीचा लंगोट, जाते, काळं सुती कापड कमरेला येतं. हाताखालचे मल्ल जातात. सराव पहाटे, उपाशीपोटी. वरच्यांची आंघोळ आणि जेवण आधी, चांको, म्हणजे मल्लांचं जेवण, रांधणाऱ्या खालच्या पोरांचं शेवटी. त्याने अनेकदा निवृत्ती मागितली. त्याचे गुरू स्वतः माजी योकोझुना, त्यांनी ती दिली नाही. आधी शरीर बरं करायला लावलं.

लोक त्याच्या जिद्दीचे गोडवे गातात. जिद्द होतीच रे, पण नुसत्या जिद्दीने गुडघा पुन्हा फाटला असता. माझ्या मते खरी करामत वेगळी: त्याने कुस्ती बदलली. आधी समोरच्याचे दोन्ही हात बाहेरून आवळायचा आणि मागे रेलून निव्वळ ताकदीने खेचायचा. सगळा भार गुडघ्यांवर. परतल्यावर पुढे दाबत चालू लागला. जुलै २०२० मध्ये सर्वात वरच्या गटात परतला, तोही जवळजवळ तळाला, आणि १३ कुस्त्या मारून स्पर्धाच जिंकला. पुढच्या जुलैत ७३वा योकोझुना. गुडघे मात्र कायम दुखतच राहिले. योकोझुना असताना कितीतरी स्पर्धा सोडाव्या लागल्या. जानेवारी २०२५ मध्ये थांबला तेव्हा १० विजेतेपदं नावावर होती.

आता तुझं. तुझा ढाक हा डाव त्याच गुडघ्यावर फिरतो, हे मी स्वतः पाहिलंय. तो सोडून कुठला डाव बसवता येईल ते वस्तादांना विचार. डॉक्टर हो म्हणेपर्यंत जोड धरायची नाही. तालमीत मात्र उद्यापासूनच जा. माती उकरायला गुडघा नको म्हणाला तर पोरांची थंडाई घोटायला बस.

तुझा,
काका