शरीर तिचं, मग मी मध्ये पडू का?

प्रश्न: माझी 20 वर्षांची मुलगी बॉक्सिंग खेळते. गेल्या आठवड्यात स्पारिंग (सरावाची लढत) करताना तिच्या कानशिलावर ठोसा बसला. शुद्ध हरपली नाही, पण नंतर दोन दिवस डोकं ठणकत होतं, उजेड सहन होत नव्हता. निवड चाचणी तोंडावर आहे म्हणून तिने प्रशिक्षकांना सांगितलेलं नाही आणि मलाही शपथ घातली आहे. "मी सज्ञान आहे, शरीर माझं आहे," म्हणते. तिचे बाबा म्हणतात, असला खेळ खेळणंच पाप. मी काय करू?
– एक आई

उत्तर: ताई, आधी ती शपथ मोडा. आजच तिला डॉक्टरांना दाखवा आणि ते हो म्हणेपर्यंत स्पारिंग बंद. डोकेदुखी वाढली, उलट्या झाल्या किंवा ती गुंगीत जाऊ लागली, तर थेट रुग्णालय गाठा. शुद्ध न हरपताही मेंदूला धक्का बसतो. तो भरून येण्याआधी दुसरा बसला, तर क्वचित मेंदूला झपाट्याने सूज येते. हे घडतं ते बहुतेक तरुण खेळाडूंच्या बाबतीत, आणि तेव्हा हाताशी फार वेळ नसतो. हेडगार्डवर भिस्त ठेवू नका. त्याने कातडी फाटायची वाचते. कवटीच्या आत मेंदू हलायचा तो हलतोच.

आता तिचं म्हणणं. शरीर तिचं आहे, हे मला मनापासून मान्य आहे. नाक मोडेल, बोट मोडेल, तरी खेळायचं असेल तर तो निर्णय तिचा. पण मी सामन्यांना रिंगच्या कडेला डॉक्टर म्हणून बसतो. जोरदार ठोसा खाल्लेल्या खेळाडूला मी विचारतो, "कितवी फेरी चालू आहे?" माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर येतं, "मी ठीक आहे." पुन्हा विचारलं की फेरी चुकीची सांगतो. तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं वाटत असतं. ज्या मेंदूने ठरवायचं, मार त्यालाच बसलेला असतो. त्यामुळे या एका दुखापतीपुरता खेळाडूचा शब्द मी अखेरचा मानत नाही, मग तो कितीही सज्ञान असो.

शिवाय रिंगमध्ये ती एकटी नसते. समोरच्या मुलीने निरोगी प्रतिस्पर्ध्याशी लढायला होकार दिलेला असतो. आधीच दुखावलेल्या डोक्यावर ठोसे मारायला दिलेला नसतो. 1982 मध्ये अमेरिकी बॉक्सर रे मॅन्सिनीशी लढताना दक्षिण कोरियाचा बॉक्सर किम डुक-कू चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांत गेला. मॅन्सिनीने एकही नियम मोडला नव्हता, तरी त्या मृत्यूचं ओझं तो पुढे कित्येक वर्षं वाहत राहिला. त्यानंतर जागतिक बॉक्सिंग परिषदेने विजेतेपदाच्या लढती 15 फेऱ्यांवरून 12 वर आणल्या. लपवलेल्या दुखापतीतून असं काही घडलं, तर ते ओझं तुमची मुलगी त्या दुसऱ्या मुलीच्या माथी मारेल. मला हे डोकेदुखीपेक्षा गंभीर वाटतं. तिला हे याच शब्दांत सांगा.

तिच्या बाबांशी मात्र मी सहमत नाही. 2014 मध्ये ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिल ह्यूजला मानेवर उसळता चेंडू लागला आणि दोन दिवसांनी तो गेला. म्हणून क्रिकेटला कुणी पाप म्हणालं नाही. हो, फरक आहे. तिथे तो अपघात होता, आणि बॉक्सिंगमध्ये डोकं हेच लक्ष्य असतं. हा फरक मला बोचतो, म्हणूनच लहान मुलांच्या डोक्यावर ठोसे मारणाऱ्या स्पारिंगला माझा विरोध आहे. पण धोका नीट समजून घेतलेल्या मोठ्या माणसाला त्यापासून रोखण्याचा हक्क मला किंवा तिच्या बाबांना आहे, असं मी मानत नाही.

प्रशिक्षकांना तुम्ही परस्पर सांगण्याऐवजी आधी तिला एक दिवस द्या, तिने स्वतः सांगू दे. तोवर रिंगमध्ये पाऊल नाही. नाही सांगितलं, तर तिच्या देखत फोन करा. ती चिडेल, कदाचित महिनाभर बोलणार नाही. आणि प्रशिक्षक "एवढ्या-तेवढ्याने काय होतं" म्हणाले, तर निवड चाचणी हातची गेली तरी चालेल, प्रशिक्षक बदला.