जुन्या नकाशांवरच्या चित्रांना काही अर्थ असतो, की ती नुसती सजावट?

तुमचा प्रश्न असा: जुन्या नकाशांत समुद्रात राक्षसी मासे, कोपऱ्यात देवता, सिंह, शिपाई असतात; त्यांचा काही अर्थ असतो, की मोकळी जागा भरायला केलेली ती नुसती सजावट?

यातल्या ‘नुसती सजावट’ या दोन शब्दांसाठी मी लिहायला बसलोय. एकतीस वर्षं सातारा जिल्ह्यात कलाशिक्षक होतो आणि हे दोन शब्द स्टाफरूममध्ये ऐकत आलो. गणिताचा पोर्शन मागे पडला की चित्रकलेचा तास गणिताला जायचा. गॅदरिंग आलं की स्टेजवरचे पडदे मात्र आम्ही रंगवायचे.

अर्थ असतो. नकाशा कोणाच्या पैशाने निघाला आणि ती जमीन कोणाची समजायची, हे पुष्कळदा त्या चित्रातच लिहिलेलं असतं. मी हे कसं शिकलो ते सांगतो.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाला प्रदर्शन होतं. भूगोलाच्या सरांनी ईस्ट इंडिया कंपनीचा मोजणीदार जेम्स रेनेल याचा १७८२ चा ‘हिंदोस्तान’ नकाशा नेटवरून उतरवून त्याचा मोठा फ्लेक्स करून आणला. त्यात पुणं, नागपूर, मराठ्यांचा सगळा मुलूख. कल्पना उत्तमच होती. पण नकाशाच्या नावाभोवती जे मोठं चित्र असतं ते गायब. तिथे शाळेचं बोधचिन्ह आणि देणगीदारांची नावं. मी विचारलं तर म्हणाले, “अहो, ते चित्र कशाला हवंय? तेवढीच जागा मिळाली. नकाशात बघायचं ते प्रमाण, दिशा आणि सूची. बाकी रांगोळी.” आणि हे आठवीच्या मुलांसमोर.

मी काही बोललो नाही. घरी जाऊन तेवढंच चित्र ए-थ्री कागदावर छापून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या तासाला फळ्यावर लावलं. मुलांना सांगितलं, आज पेन्सिल खाली ठेवा. फक्त बघा आणि काय दिसतं ते सांगा.

“राणी उभी आहे.” ती ब्रिटानिया, म्हणजे स्त्रीच्या रूपात काढलेलं ब्रिटन. “भटजी तिला पोथ्या देतायत.” बरोबर. मग शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली. वर्षभरात वर्गात तिने तोंड उघडलं नव्हतं. म्हणाली, “सर, हा शिपाई दुसऱ्याला बोटाने काहीतरी दाखवतोय. बाईजवळच्या चौथऱ्यावर.” भिंग दिलं. चौथऱ्यावर अक्षरं कोरलेली होती. आणि सगळ्या चित्राला जो हार आहे त्यातली बोंडं एका मुलाने ओळखली, कारण त्याच्या आजीने त्याला खसखस कशात असते ते सांगितलं होतं. अफूची बोंडं! बंगालच्या अफूचा मक्ता ईस्ट इंडिया कंपनीने १७७३ मध्येच स्वतःच्या हातात घेतला होता.

मग मी शोधत बसलो. रेनेलने नकाशासोबत जी टिपणांची पुस्तिका १७८३ मध्ये काढली, तिच्यात या चित्राचा खुलासा त्याने स्वतः केलेला आहे. पंडित आपले धर्मग्रंथ ब्रिटानियाच्या संरक्षणाखाली देत आहेत. १७८१ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने बंगालच्या प्रजेसाठी जो कायदा केला त्याचा हा संदर्भ. चौथऱ्यावर इंग्रजांच्या विजयांची नावं आहेत आणि त्यांच्याच जोरावर इथली सत्ता मिळाली व टिकली, असं तो उघड लिहितो. त्यातले दोन विजय तेव्हा ताजे होते, पोर्टो नोव्हो आणि शोलिंगूर. दोन्ही १७८१ मधले, जनरल कूटने हैदरअलीवर मिळवलेले. आमच्या मुलीला दिसलेलं बोट त्यांच्याकडेच होतं.

आता हे आपल्या बाजूने वाचा. चौथऱ्यावर फक्त विजय. जानेवारी १७७९ मध्ये आपल्या मावळात, वडगावला, मराठ्यांनी याच इंग्रजांची फौज अडवून त्यांना तह करायला लावला, त्याला तिथे जागा कशी असणार! नकाशा निघाला त्याच वर्षी मराठे-इंग्रज युद्ध थांबवणारा सालबाईचा तह झाला. म्हणजे नकाशातला केवढा तरी मुलूख अजून पेशव्यांचा, शिंद्यांचा, भोसल्यांचा, निजामाचा. आणि चित्रात मात्र पोथ्या देऊनसुद्धा झाल्या. आणखी एक. याच रेनेलवर १७६६ मध्ये भूतानच्या सीमेकडे संन्याशांनी तलवारी चालवल्या होत्या, तो मरता मरता वाचला. त्याच माणसाच्या नकाशावर साधू-ब्राह्मण मान खाली घालून ग्रंथ देतात. नद्या आणि घाट शक्य तितके खरे दाखवायचे आणि राज्य कोणाचं हे चित्रातून सांगायचं, अशी ती वाटणी आहे. चित्र कापलं की अर्धा नकाशा कापला. सह्याद्रीच्या रेषा शिल्लक राहतात, पण त्या काढवून घेणाऱ्याचा हेतू फ्लेक्सवाल्याच्या दुकानातच राहतो.

समुद्रातल्या माशांचं म्हणाल तर ओलाउस मॅग्नसचा १५३९ चा उत्तर युरोपचा नकाशा बघा. त्यातले राक्षस दर्यावर्द्यांच्या ऐकीव हकिगतींतून आलेत, आणि तो ते खरे मानून काढत होता. जर्मन नकाशाकार वाल्डसेम्युलरच्या १५१६ च्या नकाशात आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ पोर्तुगालचा राजा मॅन्युएल एका समुद्री प्राण्यावर स्वार आहे. हिंदुस्थानची वाट माझ्या मुठीत, हाच त्याचा अर्थ. १३७५ च्या कॅटलान नकाशात मालीचा राजा मन्सा मुसा हातात सोन्याचा गोळा धरून बसलाय. सोनं कुठे मिळतं ते व्यापाऱ्याला न वाचता कळावं. आणि ‘इथे ड्रॅगन आहेत’ असं जुन्या नकाशांवर सर्रास लिहिलेलं असायचं, ही लोणकढी थाप आहे. ते वाक्य सापडतं ते १५१० च्या आसपासच्या हंट-लेनॉक्स नावाच्या एका छोट्या तांब्याच्या पृथ्वीगोलावर आणि त्याच्याच जोडीच्या, शहामृगाच्या अंड्यावर कोरलेल्या गोलावर.

हेही सांगायला हवं की प्रत्येक चित्र असं बोलत नाही. नक्षीकाम बरेचदा वेगळा कारागीर करायचा, एकाचं चित्र दुसरा उचलायचा, आणि देखणा नकाशा जास्त खपायचा. आफ्रिकेच्या नकाशात गावं माहीत नाहीत म्हणून हत्ती काढतात, असा टोमणा इंग्रजी लेखक जोनाथन स्विफ्टने १७३३ मध्येच मारलाय, आणि तो सगळा खोटा नाही. पुढे १७४९ मध्ये फ्रेंच नकाशाकार दांव्हीलने आफ्रिकेचा जो नकाशा काढला त्यात माहीत नसलेली जागा सरळ कोरी सोडली. म्हणून तुमच्याकडचा नकाशा बघताना आधी सन आणि काढणाऱ्याचं नाव शोधा, मग चित्रात कोण उभं आहे, कोण वाकलंय आणि कोणाच्या हातातून काय कोणाकडे जातंय ते बघा. फ्रेम करायला दिलात तर माउंटखाली चित्र झाकू देऊ नका.

आणि तुमच्या ओळखीत कुणी भूगोल शिकवत असेल तर त्यांना एवढं सांगा की सूची वाचायला जसं शिकवता तसं हेही शिकवा, आणि त्यासाठी कलाशिक्षकाला वर्गात बोलवा, त्याचा तास काढून घेऊ नका. आमचे ते भूगोलाचे सर निवृत्त झाले त्या दिवशी मी तो ए-थ्री कागद त्यांना दिला. त्यांनी घडी घालून पिशवीत ठेवला, उघडून बघितला नाही. सर, तुम्ही इथे वाचत असाल तर तो कागद काढा आणि शिपायाच्या बोटापासून सुरुवात करा.